दहा महिन्यांचा विद्यार्थी

"पोट्टं दोन महिने घरी बसून खाते, अन् वरतून त्याच्या हातात पैसे द्याचे? काहून?" यवतमाळ जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात जरा वेळ बसलं की कुठल्या तरी काकांच्या तोंडून हा सवाल येतोच. प्राध्यापकांच्या खोलीत तोच सवाल इस्त्री करून येतो: "मुलांना सुट्टीत स्वावलंबनाचे धडे मिळायला हवेत." कचेरीत त्याला नियमाचा आधार मिळतो: "निर्वाह भत्ता शैक्षणिक सत्रापुरताच असतो." तिघांचा निष्कर्ष एकच. मे उजाडला की विद्यार्थी हा विद्यार्थी राहत नाही, तो फुकट खाणारं तोंड होतो.

कुठल्याही विद्यार्थ्याबद्दल हे म्हणणं मला अर्धवटच वाटतं. पण ऑटिझम, एडीएचडी किंवा डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे हल्ली ज्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात त्या मुलामुलींच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे, आणि महागातही पडतं. माझं म्हणणं सरळ आहे. या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला, त्यांच्या स्वतःच्या खात्यात मिळाली पाहिजे. घराला झेपेल तेवढी घराने द्यावी, उरलेली सरकारने. आणि त्या बदल्यात कुठल्या दुकानात उभं राहण्याची अट घालू नये.

यावर पहिला दाखला हमखास कर्मवीर भाऊराव पाटलांचा येतो. 'कमवा आणि शिका' हा महाराष्ट्राचा मंत्र, मग तुमच्या पोराने का कमवू नये? दाखला देणाऱ्यांनी तो पुरता वाचलेला नसतो. भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. त्यांच्या योजनेत मुलगा संस्थेच्याच आवारात, ओळखीच्या माणसांत, ठरलेल्या वेळी, ठरलेलं काम करायचा, आणि त्याच्या जेवणाची, झोपण्याची सोय आधीच झालेली असायची. 'जा बाजारात, शोध काम' असं सांगून त्यांनी कुणाला मोकळं सोडलं नव्हतं. शिवाय ही काम करणारी मुलं उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही विकलं. 'कमवा आणि शिका'च्या मागे कुणीतरी पदरचे पैसे घालत होतं, एवढी गोष्ट तरी लक्षात घ्या. साताऱ्याचा तो वसतिगृहाचा नमुना, वेळापत्रकासकट आणि जेवणासकट, कुणी यवतमाळात, पुसदला किंवा वणीला मे महिन्यात चालवणार असेल, तर माझा त्याला शंभर टक्के पाठिंबा आहे. ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना अगदी असंच काम हवं असतं.

प्रत्यक्षात मिळतं काय? मे महिन्यात जिल्ह्यात तरुण पोराला चटकन मिळणारं काम म्हणजे लग्नसराईतलं कापडाचं दुकान. तिथे एक दुपार उभं राहून बघा. वर ट्यूबलाइटांची रांग, बाजूला घरघरणारा कूलर, समोर एकाच वेळी तीन कुटुंबं. शेठ गल्ल्यावरून सांगतो, "तो मरून रंगाचा दाखव... तो नाही रे, त्याच्या खालचा... राहू दे, आधी काकूंचं बघ." गिऱ्हाईक म्हणतं, "काही कमी होईल का?" त्याला पोराने खरं ते उत्तर दिलं, की होईल, कालच शेठने दुसऱ्यांना दोनशे कमी केले, तर संध्याकाळी शेठ त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतो. पोरगं खोटं बोललेलं नाही, आळसही केलेला नाही. एका वेळी एक सूचना, ती स्पष्ट शब्दांत, आणि मधे थोडी शांतता, एवढं मिळालं असतं तर त्याने सगळा माल रंगवार, किमतीवार लावून दिला असता. पण लग्नसराईत शेठला तेवढी उसंत नसते, आणि त्याचा दोष मी शेठलाही देणार नाही. आठ दिवसांत काम जातं आणि "ह्याला काही जमत नाही" हा शिक्का मात्र राहतो. जूनअखेर कॉलेज उघडतं तेव्हा पोरगं तो शिक्का घेऊनच वर्गात बसतं.

झरी जामणी, केळापूर, राळेगावच्या जंगलपट्ट्यात याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचं एक पुडकं. पहाटे पानं तोडायची, दुपारी घरी बसून मोजून बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, न्यायची. आता गंमत बघा, सत्तर पानं न चुकता मोजून एकसारखी बांधण्याचं काम ऑटिझम असलेला एखादा मुलगा गावात सगळ्यांत नेटकं करील, आणि डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांची अध्ययन अक्षमता, असलेली मुलगी त्यातच रडकुंडीला येईल. म्हणजे काम हा उपाय असेल तर तो माणूस बघून द्यावा लागतो. 'पोरांना कामाला लावा' म्हणणाऱ्यांनी एवढा विचार केलेला मी तरी ऐकला नाही.

आणि 'कामाला लावा' हा सल्ला गृहीत धरतो की सुट्टी ही सुट्टी आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परीक्षांची नावंच 'उन्हाळी' आणि 'हिवाळी' आहेत. उन्हाळी परीक्षा एप्रिलमध्ये सुरू होते, मे गाठते, कधी जूनपर्यंत लांबते. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत चार तास. लेखनिक लागत असेल तर तो शोधायचा, त्याच्या शिक्षणाची अट बघायची, त्याला आणायचं-न्यायचं, त्याच्या चहापाण्याचं बघायचं. हे बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्याच खिशातून जातं. मागचा एखादा विषय राहिलेला असेल तर त्याच्या फॉर्मची फी वेगळी. वर्गातल्या इतरांची सुट्टी सुरू झालेली असते, याची नसते.

पेपर संपले की दुसरा खर्च उभा राहतो. वर्षभर ज्या गोष्टी कॉलेजमुळे पुढे ढकलल्या त्या सगळ्या सुट्टीत येऊन पडतात: समुपदेशन, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, औषधांचा आढावा, प्रमाणपत्राची तपासणी. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा नियम बघा. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं. म्हणजे सगळ्यांत महत्त्वाची तपासणी नेमकी बारावी ते पदवीच्या उंबरठ्यावर येते, आणि ती करायला मोकळे दिवस असतात ते उन्हाळ्याचेच. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे हा मोठा आधार. तरी मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी नागपूरची वाट धरणारी कुटुंबं काही कमी नाहीत. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, सोबत एक मोठं माणूस, त्याची मजुरी बुडालेली, आणि डॉक्टर आज भेटले नाहीत तर हेच सगळं पुन्हा.

"सुट्टीत औषध कशाला?" हाही याच काटकसरीचा एक प्रकार. एडीएचडीच्या काही रुग्णांना डॉक्टर मुद्दाम सुट्टीत औषध थांबवायला सांगतात हे खरं आहे. पण तो निर्णय डॉक्टरचा, घरातल्या महिन्याच्या हिशेबाचा नाही. आणि ज्या मुलाला लक्ष टिकवायला वर्षभर औषध लागतं त्याला मोटरसायकल चालवताना, विहिरीवर मोटर सुरू करताना ते लागत नसेल, असं कुणी ठरवलं?

आता कचेरीकडे वळू. "शिष्यवृत्ती आहे ना!" आहे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, चाळीस टक्के प्रमाणपत्र हवं. वसतिगृहात राहणाऱ्याला अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे महिन्याला 1200 पासून 380 रुपयांपर्यंत, घरून ये-जा करणाऱ्याला 550 पासून 230 पर्यंत. दोनशे तीस रुपये महिना म्हणजे दिवसाला आठ रुपयेही होत नाहीत. दहा रुपयांचा चहासुद्धा त्यात बसत नाही, आणि या आकड्याला कागदावर 'निर्वाह' भत्ता म्हणतात. हे झालं सत्र चालू असतानाचं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी जुनी मॅट्रिकोत्तर नियमावली होती तिच्यात भत्ता परीक्षा संपण्याच्या महिन्यापर्यंतच देय होता. विदर्भाचेच सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. तिची मूळ आखणीही दहा महिन्यांचीच, मोठ्या शहरांत तीन हजार आणि इतरत्र दोन हजार रुपये महिना धरून. पंजाबरावांच्या नावाची योजना शेतकऱ्याच्या पोराला दहा महिने विद्यार्थी मानते. उरलेल्या दोन महिन्यांत त्याला भूक लागत नाही, अशी बहुधा समजूत असावी.

याच राज्यात लाडक्या बहिणीचा दीड हजाराचा हप्ता बारा महिन्यांच्या हिशेबाने आहे. पीएम किसानचे सहा हजार वर्षाचे आहेत. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम 2025 मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली, तीही महिन्याला, बाराही महिने. या योजनांवर माझं काही म्हणणं नाही. बारा महिने द्यायची पद्धत सरकारला चांगली ठाऊक आहे, एवढंच दाखवायचं आहे. निराधार योजनेत उत्पन्नाची अट मात्र इतकी खाली आहे की दोन एकर कोरडवाहू आणि एक कमावता माणूस असलेलं घरही त्यात अडकतं. मग विद्यार्थी ना निराधार ठरतो, ना मे महिन्यात विद्यार्थी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत, वयात पाच वर्षांची सवलत आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मिळावं असंही कलम 24 सांगतं. पण मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो. लहान मुलांची तपासणी आणि उपचार करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तोही अठरापर्यंतच. म्हणजे शाळेत ज्या मुलाला सगळ्यांनी मिळून वर चढवलं, त्याच्या पायाखालची शिडी तो कॉलेजात पाऊल टाकतो त्याच वर्षी काढून घेतली जाते. आयकरातली 80डीडीची वजावट? दिव्यांगाला सांभाळणाऱ्यास 75 हजार, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख, जुन्या करप्रणालीत. आयकर भरणाऱ्यालाच तिचा उपयोग. घाटंजीच्या कापूस उत्पादकाने ती कशातून वजा करायची?

2024 मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला, लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली, आणि तेव्हापासून "सगळे बोगस" म्हणायला लोकांना बळ आलं. एका माणसाच्या वागण्याची शिक्षा डिस्लेक्सिया असलेल्या पोरीला का? गैरवापराच्या भीतीने लेखनिक नाकारण्याचा युक्तिवाद विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात झालाच होता. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि चाळीस टक्क्यांची अट पूर्ण होत नसतानाही त्या उमेदवाराला लेखनिकाचा हक्क दिला. बोगस प्रमाणपत्र शोधणं हे सरकारचं काम आहे, त्याचा भुर्दंड खऱ्या विद्यार्थ्याने भरायचं कारण नाही.

आता खरा आक्षेप. तो मांडवातल्या काकांचा नाही, तो एखाद्या आईचा असतो, आणि त्याला उत्तर देताना आवाज चढवता येत नाही. "आमच्याकडे आहे कुठं? कापूस विकला, कर्ज फेडलं, खत-बियाण्याला पुन्हा हात पसरायचे. दुसऱ्या दोन लेकरांनी काय केलं?" 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातला एक जिल्हा यवतमाळ. तरी मे महिन्यात घरात रोख नसण्याची स्थिती फारशी बदललेली नाही, कारण खरिपाच्या पेरणीचा खर्च आणि विद्यार्थ्याचा उन्हाळा एकाच महिन्यात येतात.

पण हिशेबच करायचा तर पुरा करू. रोजगार हमीचा 2025-26 चा महाराष्ट्रातला दर 312 रुपये. पोराने चाळीस दिवस काम केलं, आणि चाळीसही दिवस काम मिळालं, असं धरलं तरी 12,480 रुपये. त्या कमाईच्या भरवशावर नागपूरची तपासणी राहिली, कॉलेजसाठी अमरावतीत घेतलेली भाड्याची खोली सोडली, राहिलेल्या विषयाचा अभ्यास राहिला, आणि त्यापायी एक वर्ष वाया गेलं, तर त्या एका वर्षाची फी, खोलीभाडं आणि वर्षभराने लांबलेली पहिली नोकरी मिळून किती होतात? काकांनी हा हिशेब मांडवात बसून करून बघावा. सुट्टीतली खोली सोडणं तर अनेकांना फुकटची बचत वाटते. ज्या मुलाला नवी जागा, नवे आवाज, नवा दिनक्रम अंगवळणी पडायला तीन महिने लागतात, त्याची खोली मे महिन्यात सोडली की जुलै ते सप्टेंबर त्याचा अभ्यास पुन्हा जमिनीवर येतो. भाडं वाचलं, सत्र गेलं.

भावंडांचं म्हणाल, तर समान वाटणीचा आग्रह मला समजतो, पण तो नियम घरातले लोक रोज मोडतात. ज्याला चष्मा लागतो त्याला चष्मा आणतात, बाकीच्यांना आणत नाहीत, आणि त्यावर कुणी भांडत नाही. ज्या भावाला वेल्डिंगच्या दुकानात हजार रुपये मिळतात त्याला, दुसऱ्याला तसं काम का मिळत नाही, हे शांतपणे सांगून बघा. भावंडं बहुतेक वेळा मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. आणि कायद्यालाही अठरावा वाढदिवस ही जबाबदारीची शेवटची रेषा वाटत नाही. शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्याला पोटगीचा हक्क जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 125 मध्ये होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येही आहे.

एक मुद्दा मी मान्य करतो. "हातात पैसे दिले की उधळते." एडीएचडी असलेल्या काहींच्या बाबतीत हे खोटं नाही. महिन्याचे पैसे चार दिवसांत मोबाइलच्या खेळात जातात, मग उधारी, मग खोटं बोलणं. पण यावर पैसे बंद करणं हा उपाय नाही, कारण पैशाचा हिशेब हाताळल्याशिवाय येत नाही. आठवड्याचे आठवड्याला द्या. बँकेतून दर सोमवारी आपोआप जमा होईल अशी सोय करा, म्हणजे मागण्याचा आणि नाकारण्याचा रोजचा तमाशा टळतो. खोलीभाडं, मेस, फॉर्मची फी पालकांनी परस्पर भरावी. प्रवास, नाश्ता, रिचार्ज याचे पैसे मात्र पोराच्या खात्यात. चुकलं तर पुढच्या सोमवारपर्यंत चुकलं, सगळा महिना बुडाला नाही. अशी रक्कम किती असावी हे घर ठरवेल. दोनशे असो, पाचशे असो, ती 'चांगला वागलास तर' या अटीवर टांगती ठेवू नये. ऑटिझम असलेल्या मुलाला रकमेपेक्षाही अनिश्चिततेचा जाच जास्त होतो. उद्या मिळतील की नाही हे माहीत नसणं हाच त्याचा सगळा दिवस खाऊन टाकतो.

आणि काम? करावंसं वाटलं तर जरूर करावं. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायची, प्रयोगशाळेतली नोंदवही संगणकावर चढवायची, ओळखीच्या सेवा केंद्रात दुपारचे दोन तास अर्ज भरून द्यायचे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. यवतमाळच्या अमोलकचंद महाविद्यालयापासून पुसदच्या फुलसिंग नाईक महाविद्यालयापर्यंत जिल्ह्यातल्या कॉलेजांनी ते काम आपल्याच आवारात, मे महिन्यात, दोन-चार अशा विद्यार्थ्यांना मानधनावर दिलं तर कर्मवीरांचं नाव घेण्याचा अधिकार त्यांना खरोखर मिळेल. मात्र ते काम मिळेपर्यंत पोराचं जेवण थांबवू नये.

महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य म्हणून पाठ थोपटून घेतली. त्या विभागाकडे मागणी छोटी आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांचा निर्वाह भत्ता बारा महिन्यांचा करा, 230 आणि 380 हे आकडे लाज वाटण्याइतके जुने झालेत ते बदला, आणि अठराव्या वर्षाच्या तपासणीचा प्रवासखर्च सोबतच्या माणसासकट द्या. हे एका शासन निर्णयात बसतं.

पालकांनी त्या निर्णयाची वाट पाहत बसू नये. पुढच्या एप्रिलच्या आत लेकाशी, लेकीशी बसून सोमवारचा आकडा ठरवून टाका. आकडा लहान असला तरी चालेल, सोमवार चुकवू नका.